बारा तासांची बॅटरी

आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या सूचनाफलकावर, टाकी धुण्याची तारीख आणि थकबाकीदारांची यादी यांच्या मधोमध, काही महिन्यांपूर्वी एक नवा कागद लागला. ‘सुरक्षारक्षकांनी कामाच्या वेळेत सोसायटीच्या सामायिक विजेवर खासगी मोबाइल चार्ज करू नयेत’, असे त्यावर टंकलेले होते आणि खाली सचिवांची सही व सोसायटीचा गोल शिक्का होता. वाचून पुढे जावे असाच तो मजकूर होता आणि मीही वाचून पुढे गेलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला खाली उतरले, तेव्हा रखवालदाराच्या पत्र्याच्या केबिनमधल्या एकुलत्या एका प्लगवर काळी चिकटपट्टी उभी-आडवी मारलेली दिसली. पट्टी इतक्या निगुतीने लावली होती की तिच्या कडा नखाने दाबून बसवल्याचेही कळत होते. कागद विसरता आला असता, ती पट्टी मात्र विसरता येईना.

ती मारायला वायरमन बोलावला असेल, तर त्याची मजुरी किती झाली असेल?

मध्यमवर्गीय मराठी माणसाला अस्वस्थ वाटले की तो प्रथम हिशेब मांडतो, तसा मीही मांडला. हल्लीच्या स्वस्त स्मार्टफोनमध्ये बहुधा ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते. तिचा दाब सुमारे ३.८५ व्होल्ट धरला, तर तिच्यात साधारण १९ वॅट-तास एवढी वीज मावते. चार्जर आणि वायर यांच्यात उष्णतेच्या रूपाने जे वाया जाते ते धरून भिंतीतून २४-२५ वॅट-तास ओढले जातात. म्हणजे एका युनिटमध्ये (हजार वॅट-तासांत) हा फोन शून्यापासून शंभरापर्यंत चाळीस वेळा भरता येतो, आणि युनिटला दहा रुपये धरले तर एका वेळचा खर्च चार आणे. रोज एकदा याप्रमाणे महिन्याचे साडेसात रुपये. आमच्या फाटकाच्या दोन्ही खांबांवर दहा-दहा वॅटचे शोभेचे दिवे आहेत आणि ते संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत जळतात. त्या दोन दिव्यांच्या एका रात्रीच्या विजेत साडेनऊ फोन भरले असते. हिशेब करून झाल्यावर अस्वस्थता कमी झाली नाही, तिला फक्त दशांश चिन्ह मिळाले.

आमच्याकडे रात्रपाळीला जे मामा आहेत ते लातूर जिल्ह्यातले. संध्याकाळी आठ ते सकाळी आठ अशी त्यांची पाळी असते. सूचनेत ज्याला ‘खासगी मोबाइल’ म्हटले आहे तो रात्रभर कोणाची कामे करतो, हे मी त्यानंतर जरा लक्ष देऊन पाहू लागले. रात्री साडेदहाला कोणाचे जेवणाचे पार्सल आले की मामा त्याचा फोटो काढून त्या सदनिकेच्या क्रमांकावर पाठवतात. पाण्याचा टँकर आला की त्याच्या नंबरप्लेटचा फोटो समितीच्या गटावर जातो. लिफ्ट अडकली की फोन, कोणाच्या गाडीचा दिवा चालू राहिला की फोन, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना रात्री धाप लागली की रिक्षासाठी फोन. शिवाय ज्या एजन्सीने त्यांना नेमले आहे तिच्या पर्यवेक्षकाला मध्यरात्रीनंतर दर दोन तासांनी जागे असल्याचा पुरावा लागतो. फाटकासमोर उभे राहून काढलेला स्वतःचा फोटो, त्यावर वेळ आणि ठिकाण उमटलेले. फोन मामांचा, रिचार्ज मामांचा आणि काम आमचे. चार आणे तेवढे कोणाच्या खात्यावर टाकायचे, हा वाद होता.

एका रात्री उशिरा परतले तेव्हा त्यांनी थांबवले. ‘ताई, तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो. बारा हजारांपत्तूर एखादा फोन सांगा. बॅटरी टिकली पाहिजे बघा, बाकी काही नको.’ बारा हजार म्हणजे त्यांच्या महिन्याच्या पगाराच्या आसपासचा आकडा. त्यांचा चालू फोन त्यांनी माझ्या हातात ठेवला. त्याचे मागचे झाकण एका बाजूने उचलले गेले होते आणि ते जागेवर राहावे म्हणून त्यावर दोन रबरबँड आडवे चढवले होते. फटीतून बॅटरीची चंदेरी पिशवी दिसत होती आणि ती चांगलीच फुगलेली होती. बॅटरीच्या आतली रसायने बिघडून वायू धरला की ती अशी फुगते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करणे हा आगीशी खेळ असतो. एका टपरीवर त्यांनी ही बॅटरी वर्षापूर्वी बदलून घेतली होती. ‘ओरिजिनल’ म्हणून दिलेली ती बॅटरी पहिल्या महिन्यापासूनच मध्यरात्रीच्या पुढे गेली नव्हती. त्यामुळे निवांतपणे शोधत बसण्याची सोय उरली नाही.

फोन आणि प्लग यांचे हे नाते मला नवे नव्हते. २००५ नंतरची काही वर्षे आमच्या गावाकडे भारनियमन इतके कडक होते की लोक घड्याळापेक्षा विजेच्या वेळापत्रकावर कामे ठरवत. घरात नोकिया ११०० होता. २००३ साली आलेला तो फोन जगभर २५ कोटींहून अधिक विकला गेला, आणि आमच्याकडे तो मुख्यतः त्याच्या डोक्यावरच्या टॉर्चसाठी लोकप्रिय होता. बॅटरी ८५० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे आजच्या स्वस्त फोनच्या सहाव्या हिश्शाइतकी, पण ती आठवडाभर पुरे, कारण त्या फोनला बोलणे, निरोप पाठवणे आणि साप खेळवणे याखेरीज काही काम नव्हते. चार्जिंगसाठी तो पिठाच्या गिरणीत नेऊन द्यावा लागे. गिरणीवाल्याने फळीवर एक लांब बोर्ड ठोकला होता. त्यात चार्जर लावलेले असत आणि प्रत्येक फोनखाली मालकाच्या नावाची चिठ्ठी असे. संध्याकाळी फोन घरी येई तेव्हा त्याच्या बटणांच्या फटींत ज्वारीचे पीठ बसलेले असे आणि आई ते काडीने कोरून काढी. दळण टाकणाऱ्याचा फोन आधी लागे, नुसताच फोन घेऊन आलेल्याचा नंतर. गिरणीवाला कोणाला नाही म्हणत नसे, पण त्याच्या हो म्हणण्यातही प्रतवारी होती. वडिलांना ती कळत असे, म्हणून ते कधीच नुसता फोन घेऊन गेले नाहीत. किलोभर का होईना, पण दळण बरोबर नेत.

दुसऱ्याच्या प्लगवर फोन भरणाऱ्या अशा लोकांची वेगळी जात मला नंतर ठिकठिकाणी दिसत गेली. पालखीच्या सासवडच्या मुक्कामात एखाद्या मंडळाने बोर्ड मांडलेला असतो आणि त्याभोवती रुमालात गुंडाळलेले फोन राखत एखादी वारकरी बाई पाय पसरून बसलेली असते. अख्ख्या दिंडीच्या फोनांची राखण तिच्याकडे असते. रेल्वेच्या डब्यात खिडकीजवळचा प्लग ज्याच्या आसनापाशी आला तो प्रवासभर धनी असतो. तोही रात्री नाहीच, कारण आगीच्या भीतीने रात्री अकरा ते पहाटे पाच डब्यातले प्लग बंद ठेवण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. ज्यांच्या उशाशी स्वतःचा प्लग असतो, त्यांना बॅटरी किती टिकते हा प्रश्न सोयीचा असतो. बाकीच्यांना तो ‘आज कोणाला विचारायचे’ असा पडतो. फोनची परीक्षणे लिहिणारे बहुधा पहिल्या गटातले असतात, म्हणून त्यांच्या लेखात कॅमेऱ्याला चार परिच्छेद आणि बॅटरीला चार ओळी मिळतात.

तर मी शोधू लागले. पहिल्या संध्याकाळीच लक्षात आले की मोठ्या आकड्यांची ही शर्यत जुनी आहे. सॅमसंगने सप्टेंबर २०१९ मध्ये गॅलेक्सी एम३०एस मध्ये ६,००० ची बॅटरी दिली आणि पुढच्याच वर्षी एम५१ मध्ये ७,००० ची. पण तो एम५१ होता २४,९९९ रुपयांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये रेडमी १५ ५जी हा ७,००० चा फोन १४,९९९ रुपयांपासून मिळू लागला. पाच वर्षांत तोच आकडा दहा हजारांनी खाली आला, याचे श्रेय बॅटरीच्या आतल्या बदलाला आहे. लिथियम धरून ठेवण्यासाठी आजवर बॅटरीच्या ऋण बाजूला ग्रॅफाइट वापरत. त्याच्या जागी सिलिकॉन वापरले तर तेवढ्याच वजनात तात्त्विकदृष्ट्या जवळपास दहापट लिथियम मावते. अडचण एवढीच की लिथियम पोटात घेताना सिलिकॉन तिपटीने फुगते आणि भेगाळते. म्हणून कार्बनच्या जाळ्यात थोडे थोडे सिलिकॉन बसवण्याची युक्ती निघाली, आणि फोन विटेएवढा न करता बॅटरी मोठी करता येऊ लागली. या बॅटऱ्यांनी मराठवाड्यातले वा पुण्यातले दोन-तीन उन्हाळे मात्र अजून काढायचे आहेत. पत्र्याच्या केबिनमध्ये एप्रिलच्या दुपारी जी धग असते तिच्यात लिथियमची कोणतीही बॅटरी लवकर म्हातारी होते, ग्रॅफाइटची असो वा सिलिकॉनची.

डब्यावरचा आकडा वाचून फोन घेणे म्हणजे रांजण केवढा आहे ते पाहायचे आणि त्याची तोटी गळकी आहे का ते पाहायचेच नाही. चिपचा नॅनोमीटरचा आकडा जितका लहान तितकी ती बहुधा कमी वीज खाते, म्हणून त्याच ५,००० च्या बॅटरीवर १२ नॅनोमीटरची जुनी चिप असलेला फोन आणि स्नॅपड्रॅगन ४ जेन २ सारखी ४ नॅनोमीटरची चिप असलेला फोन यांच्या टिकाऊपणात सहज जाणवेल असा फरक पडतो. पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो की ६० वेळा, याने पडतो. स्वस्त फोनच्या कमी बारकाव्याच्या पडद्याला जाणकार नाके मुरडतात, पण त्या पडद्याला उजळायला ठिपकेच कमी असतात, त्यामुळे बॅटरीच्या दृष्टीने तो गुण ठरतो. सगळ्यांत मोठी गळती मला आमच्याच इमारतीत सापडली. मामांची केबिन पार्किंगच्या छताखाली, दोन जाड खांबांच्या आड आहे आणि तिथे नेटवर्कची एखादीच रेघ येते. मनोरा दूर वाटला की फोन जोर लावून ओरडतो आणि ५जी वरून ४जी वर, ४जी वरून पुन्हा ५जी वर धापा टाकत हेलपाटे घालतो. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या बैठकीत जो फोन दीड दिवस चालेल, तो त्या केबिनमध्ये एक रात्र काढील याची खात्री कोणताही डबा देत नाही.

इथे मला आमच्या फ्रिजवरच्या ताऱ्यांची आठवण झाली. फ्रिज घेताना वर्षाला किती युनिट लागतील ते त्याच्या दारावरच लिहिलेले असते. फोनला आपल्याकडे असे काही नाही. युरोपात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांवर ऊर्जेचे लेबल असते. एकदा चार्ज केल्यावर फोन ठरलेल्या कसोटीत किती तास आणि किती मिनिटे चालला, आणि किती वेळा भरल्यावर बॅटरी ऐंशी टक्क्यांवर येते, हे दोन्ही आकडे त्यावर छापावे लागतात. अशी शेकडो वेळा भरल्यानंतरची गोष्ट खरे तर महिन्याच्या पगारात फोन घेणाऱ्या माणसाला आधी सांगायला हवी, कारण तो वर्षाला फोन बदलत नाही. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत जो ‘रेटेड’, म्हणजे किमान क्षमतेचा, आकडा असतो, तो पुढच्या ठळक आकड्यापेक्षा शेदोनशेने कमी असतो. तो वाचायला मला चष्मा काढून डबा डोळ्यांपाशी न्यावा लागला.

पर्याय काही एकच नव्हता. हजारभर रुपयांत १०,००० ची पॉवर बँक मिळते आणि तेवढ्यावर जुनाच फोन, चांगली बॅटरी घालून, आणखी वर्षभर ओढता आला असता. त्या १०,००० मधून फोनपर्यंत प्रत्यक्षात साधारण दीड वेळा भरण्याइतकी वीज पोचते, कारण दाब वाढवण्यात बरीच वाटेतच जिरते. पण खरी अडचण मामांनीच सांगितली. ते एका खोलीत पाच जणांत राहतात. खोलीत प्लग दोन, त्यांतला एक शेगडीचा. दिवसा ते झोपतात तेव्हा दुसऱ्या प्लगवर दिवसा झोपणाऱ्या तिघांचे फोन रांगेत असतात. फोनलाच नंबर लागत नाही, तिथे पॉवर बँक भरायची कधी? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार.

मग दुसरी वाट, झटपट चार्ज होणारा फोन. चाळीस-पंचेचाळीस वॅटचा चार्जर असेल तर अर्ध्या तासात निम्मी बॅटरी भरते. ज्याला दिवसातून एकदा अर्धा तास हक्काचा प्लग मिळतो, त्याला मोठ्या बॅटरीपेक्षा हा वेग अधिक कामाचा, हे मला पटले होते. मात्र इथेही पाचर होती. कित्येक कंपन्यांनी स्वस्त फोनच्या डब्यातून चार्जरच काढून टाकला आहे. त्यामुळे किमतीत हजार-दीड हजार वेगळे मिळवावे लागतात, आणि पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत दोनशे रुपयांना मिळणारा चार्जर घेतला तर फोन वेग सोडून जुन्याच संथ चालीने भरतो. मामांना रात्री आठ ते आठ प्लग नाही आणि दिवसा रांगेत जेवढा मिळेल तेवढाच, तोही झोपेत, कोणीतरी आपला काढून त्यांचा लावील तेव्हा. त्यांना जे काही भरायचे ते एकदाच, आणि भरपूर, भरून ठेवणे भाग होते.

अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले होते, ते या दिवसांत मला वारंवार आठवले. फोन तापतो, अडकतो, माहिती भरण्याच्या कामाला पुरत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. निदान त्यांना परत करायला सरकारी फोन तरी होते. मामांसारख्यांनी स्वतःचाच फोन कामाला जुंपला आहे, तो ते कोणाला परत करणार?

समितीला मी पत्र लिहिले. त्यात युनिटचा, चार आण्यांचा आणि खांबांवरच्या दिव्यांचा हिशेब घातला. सचिव सज्जन आहेत, त्यांनी जिन्यात थांबून मला उत्तर दिले. ‘प्रश्न पैशांचा नाही हो, शिस्तीचा आहे. प्लग दिला की मग रात्रभर व्हिडिओ बघत बसतात.’ त्यांचे अगदीच खोटे होते असे मला म्हणता येत नाही. पहाटे तीनच्या सुमारास मामांच्या केबिनमधून भारुडाचा आवाज मी स्वतः ऐकला आहे. पण पहाटे तीन वाजता माणसाने जागे राहायचे तरी कशाच्या आधारावर, हेही त्यांनी सांगायला हवे होते. पत्राला वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यांत जागा मिळाली आहे.

दुकानात मामांनी दोन फोन दोन हातांत धरून बघितले. एक ५,००० चा, चिप चांगली, दुसरा ७,००० चा, तीन हजारांनी महाग आणि सव्वादोनशे ग्रॅमच्या घरात. त्यांनी दुसरा गणवेशाच्या वरच्या खिशात टाकून पाहिला. खिसा एकदम खाली ओघळला आणि शिवणीपाशी कापड ताणले गेले. नोकिया ११०० चे वजन ८६ ग्रॅम होते, हे मला उगाचच आठवले. दुकानातला मुलगा पडदा किती मोठा आहे, सेकंदाला १४४ वेळा कसा ताजा होतो ते सांगत होता. बॅटरी मोठी देऊन ती खाणारा पडदाही त्याच फोनला देण्यामागचे डोके मला आजही कळलेले नाही. मामांनी खिसा सरळ केला, हप्ते किती पडतील ते दोनदा विचारले, आणि सही केली. मला वाटत होते की ५,००० चा घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत चांगला चार्जर घ्यावा, पण रात्र त्यांची होती.

त्या रात्री केबिनमध्ये उभी राहून मी पडदा ६० वर आणला, नेटवर्क ४जी वर बांधून टाकले, वापरात नसताना ठिकाण शोधणारी सगळी कामे बंद केली. सकाळी आठ वाजता निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक होती. मामांनी ती मला दाखवली, आणि उत्साहाच्या भरात पर्यवेक्षकालाही दाखवली. पुढच्या आठवड्यापासून फोटो दर दोन तासांऐवजी दर तासाला द्यायचा असा निरोप आला. तरी फोन सकाळपर्यंत पुरतो आहे.

परवा दिवसपाळीचा मुलगा विचारत आला, मामांनी घेतला तसलाच घेऊ का म्हणून. त्याची बॅटरी दुपारी तीनच्या सुमारास मान टाकते. मी त्याला डबा कुठे खातो ते विचारले. समोरच्या इस्त्रीवाल्याकडे, दीड ते दोन, आणि तिथे पंख्याशेजारी एक प्लग रिकामा असतो, तो म्हणाला. त्याला मी ५,००० चाच सुचवला, मात्र डब्यात ४५ वॅटचा चार्जर आहे याची खात्री करूनच पैसे दे, असे सांगितले.